अर्थ इल्ला

पहाटे साडेपाच

डाख द्यायचं काम मी पहाटेच काढतो. दिवसभर शिडीवर चढउतार झाली की रात्री हात स्थिर राहत नाही, आणि एक्सएलआर सॉकेटच्या पिना काही नारळाएवढ्या नसतात. आज पाडवा. खाली दारात बायको गुढीची काठी पुसतेय. शेजारच्या कानडी घरात उगादीच्या आंघोळीचा बंब पेटलाय आणि त्याचा धूर थेट माझ्या माळ्यावर येतोय. हुबळीत सण असा दोन भाषांत येतो. कामही दोन भाषांत येतं. संध्याकाळी धारवाडात नाट्यसंगीताचा कार्यक्रम आहे, दिवे आमचे.

त्याआधी हा डबा पुरा करायचाय. बाहेरून बघाल तर पत्र्याची पेटी: एक सॉकेट आत यायचं, एक ‘थ्रू’चं, आठ बाहेर जायची. याला स्प्लिटर म्हणतात. दिवे चालवणाऱ्या कन्सोलमधून निघणारा हुकूम एकच असतो आणि दिवे चार बाजूंना टांगलेले असतात, म्हणून त्याला फाटे फोडावे लागतात. पण नळाला ‘टी’ बसवावा तसा इथं नुसत्या तारा एकत्र पिळून फाटा फोडता येत नाही. सिग्नल मोकळ्या टोकाला आपटून माघारी येतो आणि मागून येणाऱ्याच्या अंगावर पडतो. शिवाय एका लाइनीवर दिवे जोडायचे ते नेमानं ३२ च्या आत.

जो हुकूम जातो त्याची भाषा डीएमएक्स-५१२. अमेरिकेतल्या नाट्यतंत्रज्ञांच्या संस्थेनं ती १९८६ साली ठरवली आणि आजही जगभरातले दिवे तीच ऐकतात. एका लाइनीवर ५१२ चॅनल, आणि सगळी यादी सेकंदाला सुमारे ४४ वेळा पहिल्यापासून वाचून दाखवली जाते. तारा दोन. पिन ३ वर जे जातं त्याच्या नेमकं उलट पिन २ वर. दिवा त्या दोघींमधला फरक तेवढा वाचतो, त्यामुळं दोघींवर सारखाच कचरा पडला तरी त्याचं बिघडत नाही. पण सोसायलाही हद्द असते. दिव्याच्या आपल्या शून्यापासून मोजलं तर उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट, एवढीच. हे ‘शून्य’ पोचवायचं काम पिन १ चं, म्हणजे तारेवरच्या जाळीचं.

आता खरी गोम. या डब्यात दोन ‘जमिनी’ असतात आणि त्या एकमेकींना भेटता कामा नयेत. एक माणसासाठी: मेनच्या सॉकेटातून येणारी हिरवी-पिवळी तार. ती पेटीच्या पत्र्याला घट्ट बसवायची. रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून, आणि फेज-न्यूट्रलपेक्षा बोटभर लांब ठेवून. कुणी केबल हिसकली तर बाकीच्या तारा आधी सुटाव्यात, ही शेवटी. दुसरी जमीन सिग्नलसाठी: पिन १. ती पत्र्याला लावायची नाही. आठ फाट्यांचे आठ वेगळे पिन १, प्रत्येकाला स्वतःचा छोटा वेगळा सप्लाय, आणि मधे प्रकाशाचा पूल. एका बाजूला एलईडी लुकलुकतो, दुसऱ्या बाजूचा डोळा तो बघतो, मधे तांब्याचा धागा नाही. म्हणून आमच्यात याला ‘ऑप्टो’ म्हणतात.

बाजारात मिळणाऱ्या स्वस्त डब्यांवरही ‘ऑप्टो’ लिहिलेलं असतं. तपासायची रीत सोपी आहे. वीज काढून, मल्टिमीटर बीपवर ठेवायचा. एक काडी पहिल्या फाट्याच्या पिन १ ला, दुसरी दुसऱ्याच्या. वाजला, तर आत सगळ्या फाट्यांना एकच सप्लाय आहे. म्हणजे एका दिव्याचं दुखणं बाकी सगळ्यांना. मग तो डबा आपल्या कामाचा नाही, कितीही चकचकीत असो.

माझा सातवा फाटा पत्र्याशी वाजला. सॉकेटच्या टरफलाचा टॅग कारखान्यातूनच पिन १ ला जोडून आला होता. माइकच्या कामाला हे चालून जातं, इथं नाही. चिमट्यानं तो पूल तोडला, पुन्हा लावला, गप्प. डबा मिटला.

साडेसात ते साडेनऊ

कडुलिंबाची पानं गुळाबरोबर चावली. शेजारच्यांनी ‘बेवु-बेल्ल’ वाटीतून दिलं, तेही खाल्लं. माल एकच, खरं त्यांच्या गुळाला वेलदोड्याचा वास. मग टेम्पो. टेम्पोवाल्या मामांनी समोरच्या काचेला आंब्याची डहाळी लावली होती. मदतीला कुंदगोळचा पोरगा. सवाई गंधर्वांच्या गावचा आहे, पण गाण्यात त्याचा कान नाही, तारेत आहे. मी त्याला तम्मा म्हणतो, तो मला अण्णा.

उणकल तळं, नवनगर, सत्तूर. शेजारच्या राखीव रस्त्यावरून चिगरी बस सणाच्या गर्दीनं भरून पुढं जात होत्या आणि मामा प्रत्येक बसला हळूच काहीतरी बोलत होते. अंतर वीस किलोमीटर, पण तेवढ्यात माती बदलते. हुबळीची काळी, धारवाडकडं तांबडी. लोकांना यात शेती दिसते, मला अर्थिंग दिसतं. काळी माती ओल धरून ठेवते. तांबड्या मुरमात खड्डा केला तर चैत्रात तो भट्टीसारखा कोरडा.

दहा

सभागृहाचं नाव सांगत नाही. चांगली माणसं आहेत, वास्तू जुनी आहे.

स्टेजच्या दिव्यांना वीज भाड्याच्या जनरेटरची. त्याचा न्यूट्रल त्याच्या अंगाशी आणि जमिनीत ठोकलेल्या सळ्यांशी बांधलेला आहे हे मी स्वतः वाकून बघतो. जनरेटरवाल्याला ते आवडत नाही. त्यानं नाराज व्हावं, मी बघावं, असं बरीच वर्षं चाललंय. तिथून आमच्या बोर्डापर्यंत पाच तारा: तीन फेज, न्यूट्रल, अर्थ. बोर्डावर गळती पकडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर.

सभागृहाच्या मागच्या भिंतीत, जिथं कन्सोल ठेवायचा तिथं, सभागृहाचं स्वतःचं सॉकेट आहे. राखणदाराला विचारलं, याला अर्थ आहे का?

‘‘अर्थ इल्लरी,’’ म्हणजे ‘अर्थ नाही हो,’ तो म्हणाला, आणि स्वतःच हसला. कानडीत काय न् मराठीत काय, या वाक्याचं दुसरंही एक भाषांतर होतं.

माझ्या पेटीत होल्डरात घातलेला १०० वॅटचा जुना, तारेचा बल्ब असतो. तो आता सहज मिळत नाही म्हणून मी त्याला बायकोच्या बांगड्यांच्या डब्यातल्या कापसात ठेवतो. एलईडी बल्ब इथं बिनकामाचा. तो चिमूटभर विजेवरही पेटतो आणि खोटं बोलतो. जुना बल्ब फेज आणि अर्थच्या मधे लावला. लागला, जवळजवळ पुरा. तम्मा म्हणाला, ‘‘अण्णा, अर्थ आहे की!’’

इथंच लोक फसतात. बल्ब चालू असतानाच न्यूट्रल आणि अर्थच्या मधे मीटर धरला. १३ व्होल्ट. हा बल्ब साधारण ०.४३ अँपिअर ओढतो. तेवढ्यालाच वाटेत १३ व्होल्ट सांडत असतील तर ती वाट ३० ओहमची झाली. उद्या एखाद्या यंत्राची फेज त्याच्या पत्र्याला चिकटली तर २३० व्होल्ट या वाटेनं साडेसात अँपिअरच ढकलू शकतील. भिंतीतली एमसीबी १६ अँपिअरची. ती निवांत बसून राहील आणि पत्रा जिवंत राहील. बल्बचा प्रकाश बघून समाधान मानणारा माणूस त्या पत्र्याला हात लावील.

अर्थिंगचा खड्डा मागच्या अंगणात, कढीपत्त्याच्या झाडाखाली सापडला. झाकण उघडलं तर आत पालापाचोळा आणि एक बिडीचं पाकीट. राखणदारानं दोन बादल्या पाणी ओतलं. ते बघता बघता मुरलं.

मी ठरवलं: कन्सोलला भिंतीची वीज द्यायची नाही. आमच्याच बोर्डावरून चाळीस मीटरची केबल भिंतीच्या कडेनं मागं न्यायची. कन्सोल, स्प्लिटर, दिवे, सगळ्यांचं पाणी एकाच विहिरीचं.

अकरा ते दोन

टांगणं. यात सांगण्यासारखं काही नाही. बार खाली, दिवे वर, सेफ्टी साखळ्या, बार वर. मधे निवेदिकाबाई येऊन विचारून गेल्या, चेहऱ्यावर गुलाबी येईल ना. येईल म्हटलं. जेवायला ज्वारीची भाकरी, एण्णेगाई, शेंगाची चटणी. घरची पुरणपोळी तम्मानं डब्यातून आणली होती, ती मामांनी आधीच संपवली होती.

अडीच

डेटाच्या लाइनी. स्टेजच्या डाव्या विंगेत चार फाट्यांचा जुना, खात्रीचा स्प्लिटर. पहिला फाटा मागच्या बारला, दुसरा मधल्या, तिसरा पुढच्या, चौथा दोन्ही बाजूंच्या स्टँडांना. दिव्यातून दिव्यात माळ ओवत जायचं आणि शेवटच्या दिव्यात टर्मिनेटर खोचायचा: एक्सएलआरच्या पिन २ आणि ३ च्या मधे १२० ओहमचा एक रेझिस्टर, बस. दहा रुपयांची वस्तू, पण तिच्यामुळं सिग्नल टोकाशी शांतपणे मुरतो, माघारी उसळत नाही. ती विसरणारे लोक पुढं नवीन कन्सोल विकत घेतात.

या कामाला माइकची केबल वापरू नये असं मी तम्माला सांगत असतो. दिसायला तीच, पिनाही त्याच, पण तिची घडण आवाजासाठीची. सेकंदाला अडीच लाख ठोके घेऊन जायला ती केलेली नाही. छोट्या लाइनीवर चालते, म्हणूनच ती मुलखाची लबाड. जिथं चालणार नाही तिथं कार्यक्रमाच्या दिवशीच चालणार नाही.

चार वाजून दहा मिनिटं

फोकस चालू होता. पडद्याच्या पुढं, बाल्कनीखाली लावलेले सहा एलईडी पार अचानक आपापल्या मनानं रंग बदलायला लागले. हिरवा, काळा, जांभळा, काळा. बाकीचे सगळे दिवे शहाण्यासारखे. रंगीत तालमीला आलेल्या तबलजींनी विचारलं, ‘‘हे असंच आहे का?’’

सगळे नाचले असते तर मी कन्सोलकडं पळालो असतो. सहाच नाचतात म्हणजे त्या एका लाइनीचं काहीतरी. पण ते सहा दिवे माझ्या चार फाट्यांत कुठं होते? तम्माकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. फाटे संपले म्हणून त्यानं ती पाचवी लाइन ‘थ्रू’मध्ये घातली होती.

त्याची चूक म्हणायला जीव होत नाही. सॉकेट तिथं आहे, रिकामं आहे, दिसायला बाकीच्यांसारखंच. पण ‘थ्रू’ म्हणजे फाटाच नव्हे. आत आलेल्याच तारा सरळ बाहेर गेलेल्या असतात, मधे ना पूल ना वेगळा सप्लाय. त्या लाइनीवरचे दिवे स्प्लिटरच्या संरक्षणाबाहेर, थेट कन्सोलच्या तारेवर लोंबत असतात.

तरी प्रश्न राहतोच. तीन वाजता हेच दिवे ठीक होते. मग चार वाजता काय झालं?

कन्सोलकडं गेलो. आमची चाळीस मीटरची केबल गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेली. येण्याजाण्याच्या दारात अडते म्हणून कुणीतरी काढली होती आणि कन्सोल भिंतीच्या सॉकेटात खोचला होता. सद्भावनेनंच. आणि भिंतीशी तीन कूलर नुकतेच सुरू केलेले, कारण पाहुणे यायची वेळ झाली. मीटर काढला. कन्सोलचा पत्रा आणि स्टेजकडून आलेली आमची अर्थ, या दोघांत ११ व्होल्ट. तिसरा कूलर बंद केला. पावणेदोन. परत चालू, ११. कूलरच्या पंपात ओल शिरली असणार. त्याची गळती त्या ३० ओहमच्या कोरड्या खड्ड्यातून जाताना सगळ्या भिंतीचं शून्यच वर उचलत होती, आणि त्याच्याबरोबर माझा कन्सोल.

मीटर ११ दाखवतो ती सरासरी धरायची. लाटेचं टोक साडेपंधरापर्यंत जातं. दिव्याची हद्द वर १२, खाली ७. सेकंदाला शंभर वेळा ते सहा दिवे हद्दीबाहेर ढकलले जात होते आणि मधल्या अवकाशात जे कानावर पडेल त्याचा रंग करत होते. बाकीच्या चार लाइनींना याचा पत्ताच नव्हता. पुलापलीकडं कन्सोलचं शून्य कुठंही उड्या मारो, त्यांचं शून्य त्यांच्यापाशी.

खरं तर जाळी धड असती तर एवढं झालंही नसतं. तिनं दोन्ही टोकांची शून्यं बांधून धरली असती. म्हणून ती लाइन उतरवून एकेक केबल तपासली. तिसरीच्या टोकात पिन १ चा डाख सुटलेला. बाहेरून धडधाकट. एकटा सुटलेला डाख वर्षभर गप्प बसू शकतो, एकटा कोरडा खड्डाही. इथं चौघं एकाच वेळी भेटले: डाख, खड्डा, कूलर आणि थ्रू.

एवढ्यात आवाजवाल्या मित्रानं आपला जुना उपाय सांगितला. ‘‘अण्णा, कन्सोलच्या प्लगची अर्थची पिन काढा की. टू-पिन कन्व्हर्टर देऊ?’’ त्यानं तो खिशातून काढलासुद्धा. उपाय लागू पडतो, हेच त्याचं वाईट. लुकलुक थांबते. आणि कन्सोलचा पत्रा कशालाच बांधलेला राहत नाही. विशीत असताना एका जत्रेच्या मंडपात मी अशाच अर्थ कापलेल्या दिव्याच्या पट्टीला धरून लटकलो होतो. हात सुटत नव्हता. खालच्या माणसानं मेन पाडला म्हणून हे सांगतोय. सिग्नलची जमीन तोडायची असेल तर स्प्लिटरनं तोडा, त्याचं कामच ते. माणसाची जमीन तोडायची नाही. मित्राला हे मी एवढ्या शब्दांत सांगितलं नाही. कन्व्हर्टर त्याच्या हातातून घेतला आणि माझ्या खिशात टाकला.

पावणेपाच

सकाळचा आठ फाट्यांचा डबा टेम्पोत होताच. सहज घेतला होता. जुना काढून तो लावला. पाच लाइनी पाच फाट्यांत, तीन शिल्लक, आणि ‘थ्रू’वर काळी टेप. नवी केबल, टोकाला टर्मिनेटर. कन्सोल परत आमच्या बोर्डावर, केबल दाराच्या चौकटीवरून नेली. तिसरा कूलर बंद ठेवायला सांगितलं. राखणदार नाखूश, कारण तो नेमका अध्यक्षांच्या खुर्चीकडं तोंड करून होता. सव्वापाचला सहाही दिवे गुलाबी.

साडेसहा

पडदा. नांदीला मी नेहमी पिवळा-केशरी देतो आणि निळा जवळजवळ नसतोच. जुन्या नाटकांचा प्रकाश ज्योतीचा होता. तो डोळ्यांना ठाऊक नसला तरी कानांना असतो, असं माझं एक बिनपुराव्याचं मत आहे.

समोरच्या अंधारात अर्धं सभागृह कानडी बोलणारं आणि पदं मात्र तोंडपाठ. त्याचं नवल वाटू नये. केशवराव भोसल्यांनी ‘ललितकलादर्श’ काढली ती मुंबईत नाही, पुण्यात नाही, १९०८ च्या पहिल्या तारखेला आमच्या हुबळीत. तेव्हा ते अठरा वर्षांचेही नव्हते. बत्त्या पेटवणारा कुणीतरी त्याही रात्री विंगेत उभा असणार. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही, आणि तसं ते लिहीतही नाहीत. केशवरावांच्या नावाचं कोल्हापूरचं नाट्यगृह २०२४ च्या ८ ऑगस्टला जळालं, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. त्या रात्री आमच्या धंद्यातले सगळेच फोनवर होते. कुणी फार बोलत नव्हतं.

भैरवीला निळा आणला. पुढचे सहा दिवे शून्यापर्यंत उतरवताना शेवटच्या टप्प्यात जराही हिसका बसला नाही. हे टाळ्या मिळण्यासारखं काम नाही.

साडेदहा

उतरवणं चढवण्यापेक्षा दुप्पट वेगानं होतं आणि चौपट मोडतोड करतं. सुटलेल्या डाखाच्या केबलला लाल टेप लावून वेगळी ठेवली. तम्मानं विचारलं, ‘‘थ्रू मग ठेवतातच कशाला?’’ दुसरा स्प्लिटर जोडायला, म्हटलं. त्यानं मान हलवली, पण काळी टेप काढली नाही.

राखणदार अंगणातून आला. मला न सांगता त्यानं संध्याकाळपासून खड्ड्यात आणखी सहा बादल्या ओतल्या होत्या. कार्यक्रम ऐकायचा सोडून. ‘‘आता बघा की,’’ म्हणाला. बल्ब कापसातून परत काढला, भिंतीच्या सॉकेटाला लावला, मीटर धरला. तो माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता.

‘‘एष्टु?’’

आठ. म्हणजे १९ ओहमच्या आसपास. उद्या कोळसा आणि मीठ घालून घ्या, म्हटलं, आणि तो कूलर दुरुस्तीला द्या. त्यानं दोन्ही गोष्टी बोटांवर मोजल्या. मामांनी हॉर्न दिला.